केसर कुल

सिंदी (रेल्वे),
तान्ह्या पोळ्याचा दुसरा दिवस, १९८२

प्रिय नलू,

तुझं आंतर्देशीय काल दुपारी मिळालं. एवढा मोठा निळा कागद आणि त्यावर जेमतेम सहा ओळी. आपल्या घरात कोरा कागद पोस्टात टाकणारी तू पहिलीच. तुझी आई पत्र सांगायला बसली की मला घडीच्या पट्टीवरसुद्धा आडवं लिहावं लागायचं आणि डिंकाखाली एखादा शब्द कायमचा चिकटून जायचा, आठवतं? असो. तुझ्या ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. पाचवा महिना लागला आहे. या वेळी बाळंतपणाला सिंदीला येणार नाही, भिलाईतला दवाखाना चांगला आहे. कमलाकाकूंना किंवा कोणालाच सांगू नका. डोहाळजेवणाचं मनातही आणू नका, काही पाठवू नका. आणि सगळ्यात शेवटी, जसं काही सहजच आठवलं म्हणून, न्हाणीमागचं झाड अजून आहे का, फुलतं का? अगं, या सगळ्यात उत्तर देता येईल असा हा एकच प्रश्न आहे, बाकी सगळे हुकूम. तेव्हा हुकूम मानतो आणि झाडाबद्दल लिहितो.

पण तू पडलीस वनस्पतिशास्त्राची पदवीधर, तुला 'झाड बरं आहे' एवढं कळवून चालायचं नाही. म्हणून काल संध्याकाळी तुझी ट्रंक उघडली. वर तुझा आईने विणलेला हिरवा स्वेटर होता, तो बाजूला ठेवला, आणि तळाचं ते मराठीतलं वनस्पतिशास्त्राचं पुस्तक काढलं. वाळवी लागलेली नाही, काळजी करू नकोस, दरवर्षी कडुनिंबाचा पाला घालतो. त्यात झाडाचं वर्णन कसं करायचं त्याची रीत दिली आहे. आधी मूळ, मग खोड, मग पान, फुलोरा, फूल, फळ आणि शेवटी बी. मधेच उडी मारायची नाही. मी जन्म जिनिंगमध्ये कापसाची पारख करण्यात घालवला, मला रीत पाळायला आवडते. तरी तू मला ओळखतेस, मी उडी मारणारच.

तर मूळ. झाड आहे. न्हाणीचं पाणी वाहून जातं तिथेच, भिंतीच्या कडेला. वरून पाहिलं तर कोणी म्हणेल गवत माजलंय, पण जमिनीखाली त्याचा गड्डा आडवा सरकत असतो, आल्यासारखा गाठीगाठींचा, आणि तोडला तर आतून पिवळा. पुस्तकात त्याला मूलक्षोड म्हटलं आहे. म्हणजे मूळ वाटतं ते मूळ नव्हेच, ते जमिनीखाली लपलेलं खोड. हे वाचून मला जरा गंमत वाटली. एप्रिल-मेमध्ये वर काहीच दिसत नाही, नुसती भेगाळलेली माती, आणि दरवर्षी मला वाटतं, गेलं आता हे. तुझी आई गेली त्या उन्हाळ्यात तर मी खात्रीनेच समजलो होतो की तेही गेलं. मी त्या जागेवर रॉकेलचा डबा ठेवून दिला. पावसाळ्यात पाहतो तर डब्याला टेकून तिरकं पान वर आलेलं. डबा हलवला, पण ते झाड अजून थोडं तिरकंच वाढतं.

पान तलवारीच्या पात्यासारखं, लांब आणि टोकदार. पण पानांची खरी गंमत त्यांच्या बसण्यात आहे. एकाच्या कुशीत दुसरं, दुसऱ्याच्या कुशीत तिसरं, अशी ती एकाच पातळीत पसरतात, हातपंखा उघडावा तशी. तू नागपूरहून कॉलेजच्या बागेतून हे रोप आणलंस तेव्हा ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला असाच एक एवढासा पंखा होता. पॅसेंजरमधून उतरलीस ती हातात पंखा घेऊन, आणि तुझी आई म्हणाली होती, "पोरीले नागपुरात का एवढी गरमी होऊन राह्यली?" तुझी परीक्षा जवळ आली होती. तू अंगणात झाडांची घराणी मांडली होतीस, एकेका घराण्यातलं एकेक झाड, आणि डालड्याच्या डब्याचे पत्रे कापून, त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहून पाट्या रोवल्या होत्यास. जास्वंदीपुढे 'भेंडी कुल'. लाजाळूपुढे आणखी काहीतरी. आणि न्हाणीमागे, या झाडापुढे, 'केसर कुल'.

ती पाटी अजून आहे. रंग उडालाय, पत्र्याला गंज चढलाय, पण बोट फिरवलं की अक्षरं लागतात.

आता इथे मला उडी मारायलाच हवी, कारण तुला ठाऊक नसलेली एक गोष्ट या पाटीत आहे. तू परीक्षा देऊन गेलीस, मग तुझं लग्न झालं, तू भिलाईला गेलीस. झाडांपैकी बरीच मेली, जास्वंद आणि हे झाड तेवढं उरलं. तुझ्या आईला अक्षर जुळवून वाचता येत होतं. तिने ती पाटी वाचली आणि मला बोलावून दाखवली. आपल्याकडे केशराला सगळे केसरच म्हणतात. आणि 'कुल' म्हणजे काय, तर काट्यावर गाडी मोजली की चिठ्ठीवर आम्ही लिहायचो ना, 'कुल वजन', ते. कुल म्हणजे सगळं मिळून, भेसळ नाही, तूट नाही. मी आयुष्यभर त्याच अर्थाने तो शब्द लिहिला. तिने विचारलं, आणि मी छातीठोकपणे सांगितलं की याचा अर्थ सगळंच्या सगळं केसर. मग ती जास्वंदीपाशी गेली, तिथे भेंडी कुल वाचलं, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "तिथं पोरगी चुकली पाट्या लावाले. पन हे बरोबर हाय." झालं. आमच्या दोघांचं एकमत, तेही पहिल्या झटक्यात, संसारात असं फार वेळा झालेलं नाही.

तिथून पुढे ते झाड आईचं झालं. गोवऱ्यांची राख घालायची, शेजारच्या कमलाबाईच्या कोंबड्या हाकलायची. कोणाला सांगायची सोय नव्हती, कारण सिंदीत न्हाणीमागे केसर पिकतंय म्हटल्यावर लोकांनी आमची भिंत पाडली असती. श्रावण-भाद्रपदात फूल उमललं की ती अंघोळीआधीच तिथे जायची, चिमटीने त्यातले तीन तंतू खुडायची आणि पदराला पुसून सावलीत वाळवायची. मग ते तिच्या लहानपणच्या पितळी कुंकवाच्या डबीत जायचे. डबी दाण्यांच्या मडक्यात पुरलेली. मी एकदा वास घेऊन पाहिला आणि म्हटलं, याला वास कसला तो नाहीच. ती म्हणाली, "तंबाखू खानाऱ्याच्या नाकाले काय समजते?" कापसाच्या बाबतीत माझ्या बोटांवर सगळ्या बाजाराचा विश्वास होता, पण घरात माझ्या नाकाला काही किंमत नव्हती.

डबी कोणासाठी हे तुला सांगायला नको. तुला दिवस जातील तेव्हा दुधात घालून द्यायला. तुला आधीच कळलं असतं तर तू हसली असतीस किंवा लाजली असतीस, म्हणून तुझ्यापासून लपवून.

तुम्ही भिलाईत घर मांडलंत त्या वर्षी आम्ही दोघं आलो होतो, आठवतं ना? तेव्हा या झाडाचा गड्डा आणून तुझ्या क्वार्टरच्या मागे लावायचा असं तिच्या मनात होतं. ओल्या तरटात बांधूनही झाला होता. मग निघता निघता तिने तो सोडला आणि परत लावला. म्हणाली, हे नातवासोबत जाईल. पाण्याचंही तसंच. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी आईबापाने घ्यायचं नाही ही तिच्या माहेरची कडक रीत, म्हणून घरून भाकरी-चटणी आणि तो फिरकीच्या झाकणाचा तांब्या भरून आणलेला. तुझ्या नव्या माठातलं पाणी समोर, बाहेर लोखंड वितळवणारं ऊन, आणि मी तांब्यातलं गरम पाणी घोट घोट पितोय. प्रभाकररावांना बिचाऱ्यांना काही कळेना की सासऱ्यांना आपल्या घरी काय घाण दिसली. मी कुरकुरलो तर तुझी आई म्हणाली, "नातू रांगू द्या अंगनात, मंग पेजा पानी पोटभर." तू किती हसली होतीस तेव्हा. स्टेशनवर येईपर्यंत हसत होतीस.

नंतर ती गेली. मग दोन वर्षांनी तुला दिवस राहिले, सातव्यात तुला आणायला यायचं ठरलं. मी डबी मडक्यातून काढून, पुसून, तिच्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून ठेवली होती. गल्लीतल्या बायकांनी डोहाळजेवणाची तयारी आपण होऊन अंगावर घेतली होती, कमलाबाईने पाटाभोवती काढायच्या रांगोळीचासुद्धा घाट घातला होता. आणि प्रभाकररावांची तार आली. मी आलो. तू भिंतीकडे तोंड करून निजली होतीस. मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि संध्याकाळच्या गाडीने परत फिरलो. तेव्हाही हातात तोच तांब्या होता, कारण हाताला तीच सवय. त्यानंतर तू सिंदीला आली नाहीस.

मी बोल लावत नाही, नलू. कशाला येशील? ज्या बायका ओटी भरायला निघाल्या होत्या त्याच बायका समाचाराला येऊन बसल्या असत्या. आणि घरात आई नाही. म्हातारा बाप बाळंतिणीचं काय करणार, हे तू लिहिलं नाहीस, पण कोऱ्या कागदावर मला ते वाचता आलं. मी डिंकाचे लाडू करू शकतो असं मी आता सांगणार होतो. पण मागच्या महिन्यात मी साधी कढी फाडली, तेव्हा राहू दे.

काल तान्हा पोळा होता. आपल्या सिंदीचा तान्हा पोळा तुला सांगायला नको. एकेका लाकडी बैलाला ओढायला चार चार पोरं लागतात, झुली काय, शिंगांना बेगड काय. सकाळपासून दारावर पोरांची रांग लागली होती, सगळ्यांना बोजारा म्हणून खडीसाखर दिली. तुझा बैल मी फळीवरून काढून पुसून ओसरीवर ठेवला होता, तूच हट्टाने करवून घेतलेला, एका चाकाने लंगडा. एक एवढीशी पोट्टी खडीसाखर तोंडात टाकत म्हणाली, "आजोबा, तुमच्या घरचं पोट्टं कोठी हाय, बैल ओढाले?" मी म्हटलं, झोपलंय. का म्हटलं देव जाणे. ती गेल्यावर मी बैल पुन्हा फळीवर ठेवला, आणि त्यानंतर थोड्याच वेळाने तुझं पत्र आलं. म्हणून मला तो पाचवा महिना वाचून काय झालं असेल ते तूच समजून घे.

तर पुन्हा रीतीवर येतो. फुलोरा. पानांच्या पंख्यातून एक दांडा वर येतो, माझ्या गुडघ्याच्या वर लागेल इतका, आणि वर त्याला फाटे फुटतात. प्रत्येक फाट्यावर कळ्यांचा झुबका, पण त्या सगळ्या एकदम फुलत नाहीत, आपापली पाळी आल्यावर एकेक उमलते. फूल रुपयाच्या नाण्याहून बरंच मोठं. रंग आपल्याकडच्या पिकलेल्या संत्र्याचा, आणि त्यावर लाल ठिपके, कुंकवाचं बोट झटकल्यासारखे. पाकळ्या सहा. पुस्तकाचं म्हणणं असं की त्या पाकळ्या नव्हेत, परिदलं आहेत, म्हणेनात का. फूल सकाळी उमलतं, संध्याकाळी मिटतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उमलत नाही. मिटतानाही नुसतं कोमेजत नाही. सगळ्या पाकळ्या एकमेकींभोवती फिरून घट्ट पीळ घेतात, तुझी आई ओलं लुगडं पिळून दगडावर ठेवायची तशी. इतकी वर्षं मी हे पीळ झाडाखाली पडलेले पाहतोय. उचलून उलगडून पाहिलं तर उलगडत नाहीत, फाटतात.

आणि फुलाच्या मधोमध तीन तंतू. काल इथपर्यंत मी आलो, पुस्तकात बोट घालून, आणि अडकलो. लिहिलं होतं, 'केसरदले तीन'. पुढे लिहिलं होतं की कांद्याच्या किंवा लिलीच्या फुलात केसर सहा असतात, या कुलात तीनच. मी म्हटलं कांद्यात कसलं केसर? मग मागची पानं उलटली. जास्वंदीत केसर पुष्कळ. धोत्र्यात केसर पाच. मोहरीत केसर सहा. नलू, अगं पुस्तकभर केसर पिकलंय! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की तुमच्या शास्त्रात केसर म्हणजे फुलातले ते परागाचे तंतू, कुठल्याही फुलातले, आणि कुल म्हणजे घराणं, कूळ. कुल वजन नव्हे. केसर कुल म्हणजे ज्या घराण्यात खरं काश्मिरी केसर जन्मतं त्या घराण्यातलं, नात्यातलं, एक गरीब झाड. आणि भेंडी कुल ही पाटीसुद्धा चुकलेली नव्हती. कापूसही त्याच घराण्यातला निघाला म्हणे. जन्मभर ज्याची पारख केली तो माझा कापूस भेंडीचा चुलतभाऊ, आणि मला कोणी सांगितलं नाही.

मी हसायला लागलो. ओसरीवर एकटा बसून मोठ्यांदा हसलो. तुझी आई इतकी वर्षं पहाटे उठून, देवाची फुलं तोडावीत तशी, कशाचे तरी परागतंतू खुडत होती आणि दाण्यांच्या मडक्यात पुरत होती, आणि माझ्यासारखा पारखी तिला सांगत होता की हे कुल केसर आहे! हसता हसता मी तिला हाक मारायला मान वळवली. हे तिला सांगायलाच हवं होतं. ती आधी चिडली असती, मग म्हणाली असती की वास येत होता म्हणजे येत होता, आणि मग पदर तोंडाला लावून माझ्यापेक्षा जास्त हसली असती. स्वयंपाकघराकडे मी पाहिलं. तिथे सकाळचं ताट पडलं होतं. मला बरेच जण विचारतात, अण्णाजी, एकटं वाटत नाही का, आणि मी म्हणतो गाड्या येतात जातात, करमतं. काल मला समजलं की एकटं असणं म्हणजे जेवायला सोबत नसणं नव्हे, जगातली सगळ्यात गमतीची गोष्ट कळावी आणि ती ज्याला सांगायची ते माणूस नसावं. मला फार एकटं वाटलं, नलू. मग लक्षात आलं की ही गोष्ट कळली तर हसेल असं दुसरंही एक माणूस आहे, आणि त्याचा कोरा कागद आजच हातात पडला आहे.

आता फळ. फळाला तुमच्या पुस्तकात बोंड म्हणतात. हा शब्द मात्र माझा आहे, त्यात मला कोणी शिकवू नये. हिरवं, पेरूच्या बाळासारखं बोंड, पिकलं की कापसाच्या बोंडासारखंच तीन फाकांत उकलतं, साली मागे वळतात आणि आत काळ्याभोर चमकत्या बियांचा घोस, मंगळसूत्राचे मणी एकत्र चिकटवल्यासारखा. पण गंमत अशी की तुझी आई होती तोवर या झाडाला बोंड कधी धरलंच नाही. फुलं भरपूर, फळ नाही. कमलाबाई एकदा भिंतीवरून डोकावून म्हणालीसुद्धा होती, "वांझोटं झाड कायले ठेवता शकुबाई, उपटून फेका न." तुझी आई तिच्यावर अशी उसळली की दोघी महिनाभर बोलत नव्हत्या. आई गेली आणि त्याच पावसाळ्यानंतर बोंडं लागली. मला तेव्हा ते चांगलं वाटलं नाही. वाटलं, ती असताना रुसून बसलं आणि आता आनंद करतंय.

काल पुस्तकाने तोही उलगडा केला. परागच रोज सकाळी खुडले जात होते, मग बोंड कुठून धरणार? झाडात खोट नव्हती. हे मी पुन्हा लिहितो, कारण तुझ्यासाठीच लिहितोय. झाडात कुठेही खोट नव्हती, नलू. आणि खुडणाऱ्या हाताचाही दोष नव्हता. ती तर येणाऱ्या बाळासाठीच साठवत होती. कधी कधी कोणाचंच काही चुकत नाही आणि तरी बोंड धरत नाही. आणखी एक पाहिलं मी त्या पुस्तकात. घराणं कशावरून ओळखायचं त्याच्या खुणा दिल्या आहेत, पानांची बसण, केसर किती, पाकळ्या किती. फळ धरलं नाही म्हणून कुठल्या झाडाला कुळातून काढल्याचं कुठेही लिहिलेलं नाही. मी शेवटच्या पानापर्यंत शोधलं.

बी राहिली. बी काळी, गोल, चकचकीत. गेल्या वर्षीच्या बिया पडून आता भिंतीच्या कडेने छोटे छोटे पंखे उगवलेत. झालं वर्णन. तुझ्या प्रश्नाचं उत्तर, झाड आहे आणि फुलतं.

आता हे सगळं का लिहिलं ते. तू म्हणालीस काही पाठवू नका, तो हुकूम मी काल मोडणारच होतो, डबी पार्सल करायला दोरासुद्धा काढला होता. बरं झालं आधी पुस्तक उघडलं. ते दुधात घालायचं नाही, ध्यानात ठेव, ते केसर नाही. तरी डबी तुला द्यायचीच आहे. तुझ्या आईने तुझ्या घराच्या बाबतीत सगळंच नातवावर टांगून ठेवलं होतं, ही डबी, झाडाचा गड्डा, आणि पाण्याचा घोट. ती गेली आणि मीही ते तसंच टांगलेलं ठेवलं. आता मला वाट पाहायची नाही. तू सिंदीला येऊ नकोस, मीच येतो. येत्या बुधवारी झाडाचा एक तुकडा ओल्या तरटात बांधून घेईन, पाटीही उपटून आणेन, डबी खिशात असेल. कमलाबाईला काही सांगणार नाही, लेकीकडे चाललो एवढंच म्हणेन. तू ठेवशील तितके दिवस राहीन, कढी मात्र तू कर. तांब्या घरीच ठेवणार आहे. पुढे जे व्हायचं ते देवाच्या मनात असेल तसं होवो, त्याच्याशी याचा संबंध नाही. तू दार उघडशील तेव्हा मागचं पुढचं काही विचारू नकोस, रडूही नकोस. प्रवासातून तहानलेला येईन. आधी मला तुझ्या माठातलं गिलासभर पाणी दे.

तुझाच, तुझ्याच कुळातला,
अण्णाजी